नामपूरला गेलेली कुंची

विघ्नहर्त्या गजाननास, वाणीची अधिष्ठात्री जी शारदा तिला, आणि जिच्या काठी माझ्या पूर्वजांनी संध्या केली त्या गोदामातेस वंदन करून हे लिहावयास घेतो. निमित्त लहानसेच आहे. माझ्या पणतीला सव्वा महिना पूर्ण झाला, म्हणून आज सकाळी तिला प्रथमच गंगेवर नेले. आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो. रामकुंडाच्या पायरीवर माझ्या नातीने आपली लेक माझ्या मांडीवर ठेवली. मी पाण्याचे दोन थेंब त्या इवल्या कपाळाला लावले, आणि मग माझा हात तिच्या डोक्यावरील लोकरीच्या कुंचीवर काही वेळ तसाच राहिला. त्या कुंचीची हकीकत सांगावी, असे घरी परतताना मनात आले.

कुंची म्हणजे तान्ह्या बाळाच्या डोक्यावर टोपीसारखे बसणारे आणि पाठीवर पदरासारखे उतरणारे वस्त्र. आमच्याकडे मार्गशीर्ष-पौषात थंडी हाडापर्यंत शिरते, तेव्हा खणाच्या कुंचीपेक्षा लोकरीची बरी. माझ्या सहधर्मचारिणीने अशा कुंच्या किती विणल्या असतील, ते तिला स्वतःलाही सांगता आले नसते. ती आता या जगात नाही. आमचा संसार दीर्घ झाला, आणि त्या साऱ्या काळात तिचे हात रिकामे असल्याचे मी क्वचितच पाहिले.

आळीत कोणाकडे पाळणा हलणार असे कळले, की ती जुन्या मऊ सुती साड्या धुऊन उन्हात टाकी. त्यांची दुपटी होत, झबली होत, टोपडी होत. बाळंतविडा तयार होई. पण एक नियम ती कसोशीने पाळी. मूल जन्मल्याची वार्ता येईपर्यंत एकाही वस्तूला बंद किंवा गोंडा लावायचा नाही. सारे शिवून, विणून तयार, आणि बांधायची दोरी तेवढी बाकी. वार्ता आली, की हातातले काम बाजूला ठेवून ती गोंडे करायला बसे, आणि त्याच दिवशी विडा त्या घरी पोहोचता होई.

शिवण, विणकाम यांच्या जोडीला दिवाळीपूर्वीची नानकटाई. त्या काळी घरात भाजण्याचे यंत्र नव्हते. तूप, साखर, मैदा, रवा मळून, गोळे ट्रेमध्ये मांडून ते जुन्या नाशकातल्या भट्टीवर न्यायचे, अशी सर्वच घरांची रीत. भट्टीवाल्या चाचांकडे ट्रेंची उतरंड लागे, आणि कोणाची नानकटाई कोणाच्या डब्यात जाईल याचा नेम नसे. म्हणून ही प्रत्येक गोळ्यावर शिवताना बोटात घालायचे अंगुस्तान दाबी. अंगुस्तानावरचे बारीक खळगे त्यावर उमटत.

चाचा म्हणत, “भाभी, तुमच्याच खटाईला देवीचे वण का असतात हो?”

“वण नाहीत, चाचा, खूण आहे. नाहीतर माझी तुपातली खटाई तुम्ही कुणाच्या तरी डब्यात घालाल, आणि मी घरी वनस्पती तुपातली खात बसेन.”

“वा. म्हणजे भट्टी माझी आणि पहारा तुमचा.”

मी शेजारी पिशवी धरून उभा असे. चाचा माझ्याकडे पाहून सहानुभूतीने मान हलवीत, आणि मी आकाशाकडे पाही.

हे सारे घराबाहेर जाण्यासाठीच निर्माण होत असे. दिलेली वस्तू मागायची नाही, ती आपल्या पायांनी चालत आली तर घ्यायची, असे तिचे म्हणणे होते. कुंच्यांच्या बाबतीत तर हे अक्षरशः घडे. धडधाकट वाढलेल्या मुलाची कुंची दुसऱ्या घरच्या नव्या बाळाला घालणे शुभ मानतात. त्यामुळे एकेक कुंची घराघरांतून फिरत राही. आमच्या मुलाने घातलेली कुंची त्याच्या मुलीला मिळण्यापूर्वी किती माथ्यांवरून गेली, कोण जाणे.

आता तिच्या विणण्याच्या पद्धतीविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढील सर्व त्यावर अवलंबून आहे.

मी आयुष्यभर पाठशाळेत संस्कृत शिकविले. पहाटे स्नानसंध्या आटोपल्यावर मी देवघरासमोर बसून नित्यपाठ मोठ्याने म्हणत असे, आणि ती दाराशी पाट घेऊन सुया चालवीत असे. तिच्या आवडीच्या नमुन्यात आठ टाक्यांमागे एक जाळीचे भोक येई. इतर बायका बोटांवर मोजत, पुटपुटत, चुकत आणि उसवीत. ही कधी मोजताना दिसली नाही. हिचा हिशेब डोक्यातच होतो, असे लोक म्हणत, आणि मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते.

एका श्रावणात गंगेला मोठा पूर आला. नदीपात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती छातीपर्यंत बुडाला होता, आणि मला नदीवर स्नानास जाता आले नाही. घरीच स्नान करून पाठास बसलो. परंतु पाण्याचा घोष आमच्या घरापर्यंत ऐकू येत होता, आणि त्या घोषाने मन भरून गेले होते. नेहमीचे स्तोत्र मध्येच थांबवून मी नकळत गंगेच्या स्तुतीचा एक श्लोक म्हणू लागलो.

“अहो,” दाराकडून आवाज आला, “हे काय म्हणता आहात आज?”

“गंगेची स्तुती. का?”

“मग आधी सांगायचं ना. माझी जाळी वाहून गेली.”

मी उठून पाहिले. दुधी रंगाची कुंची होती. सर्व ओळींत भोके एकाखाली एक, ओळीने बसलेली. आणि त्या शेवटच्या ओळीत मात्र ती पुढे सरकून भलतीकडेच गेली होती. मला प्रथम उमगले नाही. मग तिने सांगितले. माझ्या नित्यपाठाच्या श्लोकांत एका चरणाला आठ अक्षरे. ती एका अक्षराला एक टाका घेई, चरण संपला की भोक पाडी, श्लोक संपला की ओळ संपे. परतीची उलटी ओळ नुसतीच विणून ती पुढील श्लोकाची वाट पाही. गंगेचा श्लोक अकरा अक्षरी चरणांचा होता. माझ्या आवाजामागून तिचे हात गेले, आणि भोके अकराव्या टाक्यावर जाऊन पडली.

“इतकी वर्षं तू माझ्या पाठावर विणते आहेस?”

“मग काय, तुम्हाला वाटलं मी नुसती ऐकते आहे?”

“उसव ती ओळ. वाईट दिसते.”

“नाही. देवाचं नाव घेत विणलेलं उसवायचं नसतं.” आणि सुईवरून डोळे न काढता, “शिवाय चुकलात तुम्ही. मी का निस्तरू?”

ती ओळ तशीच राहिली. तीच कुंची आमच्या मुलाने घातली, आणि पुढे त्याच्या मुलीनेही घातली. त्या दिवसापासून मला मात्र पाठ म्हणताना एक प्रकारची जबाबदारी वाटू लागली. ठसका आला, तर मी चरण पूर्ण करूनच खोकत असे.

ती गेली, तेव्हा शास्त्राप्रमाणे सर्व झाले. तेराव्या दिवसानंतर तिच्या साड्या आप्तस्त्रियांना वाटल्या. सुया आणि उरलेली लोकर सुनेने ठेवून घेतली. तिने शिवलेली माझी जपमाळेची गोमुखी झिजून फाटली, तेव्हा जपाची वस्तू म्हणून मी ती गंगेत विसर्जित केली. या प्रत्येक कृतीला आधार होता, आणि मी ती शांतपणे केली. पुढे एका हिवाळ्यात रजई काढताना सहज ध्यानात आले, की जिने साऱ्या आळीला पांघरूण घातले, तिच्या हातची एकही वस्तू या घरात उरलेली नाही. कपाट उघडावे आणि तिच्या हाताचा एखादा टाका दिसावा, असे काही नाही. त्या दिवसापासून ही एकच इच्छा माझ्या मनात घर करून राहिली: तिच्या हातचे काहीतरी एकदा हातात धरावे. या वयात इच्छा कमी व्हाव्यात असे मीच शिकवीत आलो. ही काही केल्या कमी झाली नाही.

माझा पाठही बदलला. दाराशी कोणी बसत नव्हते, तेव्हा आवाज काढून म्हणण्याचे प्रयोजन उरले नाही. वाचिकापेक्षा मानसिक जप श्रेष्ठ, असे वचनही मजजवळ होतेच. मी मनातल्या मनात म्हणू लागलो. घर सकाळचे फार शांत झाले.

यंदा मार्गशीर्षात नातीला मुलगी झाली. बारसे झाले, आणि त्यानंतर सून मला म्हणाली, “अण्णा, गंगेवर न्यायच्या दिवशी बाळाला आईंचीच कुंची हवी. ती दुधी रंगाची. माझ्या लेकीने घातली होती ना लहानपणी, फोटोत आहे.”

“ती कुठे आहे?” मी विचारले. आवाज शक्य तितका साधा ठेवला होता.

शोध लांबला नाही. शेजारच्या काकू मूळच्या बागलाणातल्या, सटाण्याकडच्या. कांद्याच्या व्यापारासाठी त्यांचे घर नाशकात आलेले. त्यांनी सांगितले, “अहो, ती माझ्या लेकीकडे आहे, नामपूरला. तिचं बाळ आहे ना आता सात-आठ महिन्यांचं. मीच नेऊन दिली.”

“मागवू या का?” सून म्हणाली.

“मागायची नाही,” मी म्हणालो.

“मग?”

“बाळाला बघायला जाऊ. आशीर्वाद द्यायला माणूस जातोच.”

सुनेने माझ्याकडे पाहिले. आयुष्यात मी कोणाच्या बाळाला बघायला आपण होऊन निघालो नव्हतो, हे तिला माहीत होते. रात्री तिने विजेच्या भट्टीत नानकटाई भाजली आणि डब्यात भरली. सकाळी डबा उघडून पाहिला, तर प्रत्येकीवर बारीक खळगे होते. अंगुस्तान तिने कोठून शोधून काढले, ते मी विचारले नाही.

गाडीने आम्ही दोघे निघालो. देवळ्यापासून पुढे दोहो बाजूंना कांद्याची शेते आणि वाऱ्यावर तोच वास. नामपूरचे घर बाजाराच्या जवळच होते. काकूंच्या लेकीची सासू, माझ्यापेक्षा थोडी लहान अशी एक उंच वृद्धा, ओट्यावर नातवाला मांडीवर घेऊन उन्हात बसली होती. तिची भाषा अहिराणीकडे झुकलेली.

“या बाबा, या. नाशिकथीन येवढ्या लांब? काय काम काढं?”

“काम काही नाही. बाळाला पाहायला आलो.”

“बाळले पाहाले?” ती हसली. “आमना नातूनं नशीब मोठं शे.”

मूल अशक्त दिसत होते. नवसासायासाने झालेले, दिवस भरण्यापूर्वीच जन्मलेले, हे काकूंकडून कळले होतेच. त्याच्या डोक्यावर ती कुंची होती. धुऊन धुऊन दुधी रंग पिवळसर झालेला, एका बाजूचा गोंडा चावून चावून लोंबत असलेला. मी आशीर्वादाचा मंत्र म्हटला. मस्तकावर हात ठेवला, आणि मंत्र संपल्यावरही हात उचलवेना. अंगठ्याखाली जाळी लागत होती. एकाखाली एक भोके. मग उजव्या कानाच्या वर ती जागा, जेथे ती भलतीकडे सरकली होती. पुराच्या त्या सकाळचा घोष मला ऐकू आला. मी डोळे मिटले, ते मंत्रासाठी नव्हते.

सून जवळ वाकून पाहत होती. “अगंबाई, इथे चुकलंय की. आई तर कधी चुकत नव्हत्या.”

“ती चुकली नाही,” मी म्हणालो, आणि मग ओट्यावर बसून त्या दोघींना सर्व सांगितले: आठ अक्षरे, अकरा अक्षरे, पूर, आणि उसवू न दिलेली ओळ. घरात आजवर हे मी कोणालाही सांगितले नव्हते. कोणी विचारले नव्हते.

ती वृद्धा ऐकत राहिली. मग म्हणाली, “बाबा, खरं सांगा. तुम्ही बाळले पाहाले नही उनात. कुंची पाहाले उनात.”

मी कुंची पाहायलाच आलो, हे तिने नेमके ओळखले होते. असत्य बोलावयाचे नव्हते, आणि सत्य बोलणे म्हणजे मागणेच झाले असते.

कुंची मला देण्यासाठी तिने बाळाच्या हनुवटीखालचा बंद सोडायला बोट घातले. “तुमनी शे. लई जा. तुमना घरनी मानूसनी खूण शे ही. आम्ही दुसरी लेसूत.”

बंद सैल होताच मुलाने तोंड वाकडे केले आणि कुंचीची कड मुठीत धरली. रडले नाही, नुसती घट्ट धरली. ती त्याची बोटे एकेक करून सोडवू लागली. मला त्या घटकेला ती वस्तू इतकी हवी होती, की माझा हात पुढे झाला. पुढे झालेल्या हाताने मी तो बंद पुन्हा बांधला. गाठ नीट बसली नाही, तेव्हा सुनेने बांधली.

“राहू द्या,” मी म्हणालो. “त्याच्या डोक्यावर शोभते. थंडी अजून बरीच आहे.”

“थंडी तुमना नाशिकलेबी शे,” ती वृद्धा म्हणाली. परंतु पदराने डोळे पुसून तिने मुलाला पुन्हा मांडीवर घेतले. निघताना तिने आमचा डबा परत दिला. रिकामा डबा द्यायचा नाही म्हणून त्यात डिंकाचे लाडू भरलेले होते.

परतीच्या वाटेवर सून बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. सटाणा मागे पडल्यावर ती म्हणाली, “अण्णा, मी तीनदा ही जाळी विणायचा प्रयत्न केला. आई असतानाही केला, नंतरही. दर वेळी मोजणं चुकतं. आई म्हणायच्या, नुसती ऐकत जा. मला वाटायचं, टाळतायत.”

“टाळत नव्हती.”

“ते आज कळलं.” मग माझ्याकडे वळून, “तुम्ही हल्ली मोठ्याने म्हणत नाही.”

“मानसिक जप श्रेष्ठ मानला आहे.”

“असेल. पण त्याची कुंची होत नाही.”

मला हसू आले. बऱ्याच काळानंतर आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी संध्या आटोपून देवघरासमोर बसलो, तेव्हा दाराशी पाट ठेवल्याचा आवाज झाला. मी वळून पाहिले नाही. वळलो असतो, तर तेथे कोण नाही हेच प्रथम दिसले असते. लोकरीचा गुंडा फरशीवर घरंगळला. सुयांचा तो लहान, कोरडा आवाज सुरू झाला आणि थांबला. ती वाट पाहत होती.

पहिला श्लोक माझ्या गळ्यातून नीट निघाला नाही. आवाज खरखरीत झाला होता, आणि एका ठिकाणी शब्दच विसरलो. विद्यार्थ्यांना ज्या स्तोत्रासाठी मी उभे केले असेल, त्याच स्तोत्रात.

“हळू, अण्णा,” दाराकडून आवाज आला. “मला आईंइतकं येत नाही.”

मी हळू म्हटले. अक्षराला एक टाका, चरणाला एक भोक. असे रोज थोडे थोडे चालले. कुंचीचा माथा उतरून कानापर्यंत आला, तेव्हा मी पाठ मध्येच थांबवला. नदी त्या दिवशी शांत होती. धुक्यातून तिचा आवाजही नव्हता. तरी मी तो गंगेच्या स्तुतीचा श्लोक म्हटला. अकरा अक्षरे.

सुया क्षणभर अडखळल्या. मग पुढे गेल्या.

सुनेने ती ओळ उसवली नाही. आज रामकुंडावर पणतीच्या उजव्या कानावर बोट टेकविले, तेव्हा सरकलेली भोके तेथे होती. ती माझ्या गृहिणीच्या हातची नव्हती, हे मला ठाऊक आहे. तिच्या हातचे काहीही अजून आमच्या घरात नाही. इच्छा होती तशीच आहे. फक्त आता पहाटे त्या इच्छेला बसावयास पाट आहे.

ही कुंचीही पुढल्या थंडीत कोठेतरी जाईल. ज्या घरी जाईल तेथील बाळ दीर्घायुषी होवो. आणि हे वाचणाऱ्या तुम्हा सर्वांच्या घरी लेकरांच्या अंगावर मायेची ऊब सदैव राहो, हातांना काम आणि कामाला देवाचे नाव लाभो, पहाटे तुमच्या दाराशी ऐकणारे कोणी असो. गोदामाता तुमचे व तुमच्या कुटुंबाचे कल्याण करो. शुभं भवतु.